एक बूट आणि तुमचा चित्ता

शैलाताई,

रविवारी तुमच्या दाराबाहेर चपलांचा एवढा ढीग पडला होता, की उशिरा आलेल्यांना पायरीखालच्या गवतात चपला काढाव्या लागल्या. अल्बनीतल्या तुमच्या त्या छोट्या घरात इतकी माणसं मावतील असं मला वाटलं नव्हतं. हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या तुमच्या मैत्रिणी आल्या, शनिवारी तुमच्याबरोबर डोंगर चढणारे आले, लांबच्या रोटोटुनाहून दोन गाड्या भरून मंडळी आली. शेजारच्या आरोहा गमबूट घालून बागेतून तशाच आल्या, आपल्यासारखेच ते दारात काढले आणि "किआ ओरा, वृंदा" असा त्यांचा माओरी नमस्कार करून मला घट्ट धरून राहिल्या. सगळे तुमच्या फोटोसमोर बसून म्हणत होते, किती शांत स्वभाव होता हो. मी मान डोलावत होते. शांत! तुम्ही!

तेवढ्यात बाहेर खुडबुड ऐकू आली. बघते तर ईरा दोन्ही हातांत मावतील तेवढ्या चपला घेऊन आत येतेय.

"ईरा, हे काय चाललंय?"

"आई, इट्स गेटिंग डार्क. आत्याचा रूल आहे. कोल्हा येईल."

आता उभ्या न्यूझीलंडमध्ये कोल्हा औषधालाही सापडायचा नाही. पण पोरीने एकूण एक जोड आत आणून हॉलच्या कोपऱ्यात टाकला आणि निघताना पाहुण्यांची अशी काही तारांबळ उडाली की विचारू नका. तुमच्या भावाच्या, अविच्या ऑफिसमधला एकजण दुसऱ्याचेच बूट घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला माउंट वेलिंग्टनला पोचला आणि तिथून त्याने फोन केला. मला हसू आवरेना. तुमच्या फोटोसमोर मी तोंडाला पदर लावून हसत होते आणि लोकांना वाटलं, भावजय बिचारी हमसून हमसून रडतेय. एकीने तर मला पाणी आणून दिलं.

रडलेही मी, नाही कशाला म्हणू? पण आज तुमच्याशी बोलायला बसलेय ते त्या हसण्यामुळे. तिथे जमलेल्या कुणालाच त्या कोल्ह्याची गोष्ट धड माहीत नव्हती. ज्यांना माहीत होती त्यांना ती तुमच्या तोंडून कळलेली, म्हणजे निम्मी तुम्ही रचलेली.

तुमच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा तुम्ही आम्हाला जेवायला बोलावलंत आणि आमटी वाढता वाढता सांगितलंत. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, दोन्हीकडचा. ज्या गोष्टीकडे सरळ बघावं तीच पुसली जाते, कडेचं तेवढं राहतं. तुमच्या प्रकारावर इंजेक्शनचा उपयोग नाही. आयुष्यभर लोकांना डोळ्यांत घालायचे थेंब समजावून दिलेत, त्यामुळे स्वतःचंही तसंच समजावलंत, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. अवि ताट सोडून उठला. तुम्ही त्याला म्हणालात, "बस खाली. आंधळी नाही होते मी. माझ्या नजरेत मधेच एक डाग पडलाय, इतकंच. आणि तो वाढायच्या आत मला चित्ता बघायचाय."

चित्त्याचं मूळ मला नंतर कळलं. पेपरात 'वस्तीत चित्ता शिरला' असं छापून आलं की तुमचे बाबा भडकायचे. "चित्ता नव्हे, बिबट्या! चित्ता आपल्याकडे उरलाय कुठे?" हे ऐकत तुम्ही आणि अवि मोठे झालात. अविने त्यातून भडकायचं तेवढं उचललं. तुम्ही चित्ता उचललात.

अवि म्हणाला होता, "बिबट्या बघ ना, जुन्नरला जाऊ. फुकटात दिसेल." त्यावर तुम्ही त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या जरा डावीकडे, असं काही बघितलंत की त्याने त्याच आठवड्यात आफ्रिकेतल्या कालाहारीची तिकिटं बघायला घेतली.

कालाहारीतल्या त्या राखीव जंगलाला जंगल तरी कसं म्हणायचं? तांबडी वाळू, मधे कोरडी नदी, काठाने आपल्या बाभळीची थोरली बहीण शोभतील अशी काटेरी झाडं आणि मैलामैलांवर जनावरांसाठी बांधलेले पाणवठे. गाडी आपली आपण चालवायची, गाडीतून उतरायचं नाही आणि सूर्य मावळायच्या आत कॅम्पच्या फाटकात परतायचं, एवढेच नियम. एवढेच म्हणते, पण आपण न्यूझीलंडची माणसं. इथल्या जंगलात ना साप, ना वाघ. डबा उघडून कुठेही बसायची सवय. पहिल्याच दिवशी तुम्ही दार उघडून एक पाय खाली टाकलात तेव्हा पलीकडच्या गाडीतला माणूस जो ओरडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

पहिले दिवस आपण गाडीने नुसते पळत होतो. अवि चालवायचा, मी आणि ईरा खिडकीला नाक लावून. "तो बघा, ताई, त्या झाडाखाली सिंह!" "आत्या, लुक, लुक, राइट देअर!" "अगं डावीकडे नाही, उजवीकडे!" तुम्ही वळायचात, म्हणायचात, "हो हो, दिसला. छान आहे." काळ्या आयाळीचा सिंह झाला, लांब सरळ शिंगांची हरणं झाली, झाडावर गवताच्या गंजीएवढं पाखरांचं घरटं झालं. सगळं छान होतं.

एका संध्याकाळी मुगाची खिचडी खाता खाता तुम्ही चमचा खाली ठेवलात. "मला यातलं काहीच दिसलेलं नाही," म्हणालात. "सिंह नाही, हरणं नाहीत. मला तुमची बोटं दिसली. तुम्ही दाखवता तिकडे मी सरळ बघते, आणि सरळ बघितलं की तिथे डाग येतो. त्यात गाडी पळते तेव्हा कडेचं सगळंच पळतं. त्यातलं जनावर कुठलं नि झुडूप कुठलं, मी काय ओळखणार?"

अविचा चेहरा एवढासा झाला.

"उद्यापासून मला दाखवू नका," तुम्ही म्हणालात. "गाडी एका पाणवठ्यावर लावा, इंजिन बंद करा आणि गप्प बसा. मी बघीन. मी बघितलेला चित्ता मला पाहिजे. तुम्ही बघितलेला नकोय."

उद्या शेवटचा दिवस होता. अवि म्हणाला, एका जागी बसून चित्ता चालत येणार आहे का तुझ्याकडे? फिरलं तर दिसेल. खरं सांगते, ताई, मलाही तेव्हा त्याचंच पटत होतं. इतक्या लांब येऊन एका डबक्याशी दिवसभर बसायचं हे मला वेडेपणाचं वाटत होतं. मी तसं बोललेही. तुम्ही म्हणालात, "तू गप्प बसू शकत नाहीस, म्हणून तुला तसं वाटतं." वाद तिथेच राहिला आणि आपण झोपायला गेलो.

पण झोपायच्या आधी चपलांचा प्रकार झाला. दिवसभराची तांबडी वाळू बुटांत भरलेली. खोलीच्या दारात उभं राहून तुम्ही आम्हाला फर्मावलंत, "बाहेर काढा सगळे. वाळूचे बूट घेऊन खोलीत येता? घरचे संस्कार काही आहेत की नाही?" आपण चौघांनी आज्ञाधारकपणे आपापले जोड दाराबाहेर ओळीने लावले. जगात दुसरं कुठलं कुटुंब त्या कॅम्पात असं करत असेल असं मला वाटत नाही. असलंच तर ते न्यूझीलंडचंच असणार.

सकाळी दार उघडलं तर अविचे दोन्ही बूट गायब. ईराचा एक जॅंडल, ती इथली रबरी चप्पल, गायब. तुमचा डोंगर चढायचा चामड्याचा बूट, डावा, गायब. माझ्या सॅंडल्स मात्र होत्या तशाच ओळीत.

कॅम्पची देखरेख करणारी बाई आली. वाळूतले ठसे बघून तिला हसू फुटलं. कोल्हा, म्हणाली, चामड्यावर त्याचा फार जीव. आल्या दिवशीच तुम्हाला सांगितलं होतं ना, खाणं आणि बूट आत ठेवा? आपल्यापैकी कुणालाच ते आठवेना. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय?

"माझे दोन्ही नेले!" अवि मोज्यांवर उभा राहून ओरडत होता. "तुझा एक तरी ठेवला!"

"चवीचा प्रश्न आहे," तुम्ही म्हणालात.

"आणि वृंदाचे?"

"हुंगले असतील. विचार बदलला असेल त्याने."

कॅम्पच्या दुकानात रबरी चपला होत्या, त्याही लहान मुलांच्या मापाच्या. अविला काही त्यांत पाय घालता येईना. तो ईराला घेऊन त्या बाईबरोबर कुंपणाच्या कडेने बूट शोधायला निघाला, पायांत दोन-दोन मोजे चढवून. तुम्ही माझ्याकडे वळलात. "धड चपला कुणाच्या पायात आहेत?"

"माझ्या," मी म्हणाले. आणि म्हणता क्षणी माझ्या लक्षात आलं, आता काय होणार ते.

मी त्या वाळूत गाडी कधी चालवली नव्हती. अल्बनी ते माउंट वेलिंग्टन, मोटरवेवरून, हीच माझी उडी. तुम्ही शेजारी बसलात, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, मांडीवर दशम्यांचा डबा. "हळू सोड. ब्रेक मारू नकोस. वाळूत भ्यायलीस तर रुतशील." डोळ्यांमुळे तुमचं लायसन्स गेलं त्याला तेव्हा थोडेच महिने झाले होते. स्वतः किती सुंदर गाडी चालवायचात तुम्ही! पण त्या सकाळी एका शब्दाने हळहळला नाहीत. मला चालवायला लावलंत, आणि मी चालवली. पाणवठ्यापाशी गाडी लावून इंजिन बंद केलं तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगली होती.

मग बसलो. ताई, तुम्ही म्हणायचात ते खरंच होतं, मला गप्प बसता येत नाही. मी दशमी खाल्ली. पाणी प्यायले. मग पाणी प्यायल्याचा पश्चात्ताप झाला, कारण उतरायची सोय नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही नुसता तळहात वर करायचात. समोर पाण्यावर छोटी हरणं येत होती, जात होती. तुम्ही त्यांच्याकडे बघतच नव्हतात. पार भलतीकडे, पलीकडच्या टेकाडावर नजर लावून बसला होतात. मला वाटलं, चुकताहेत बहुतेक. जीभ चावून गप्प राहिले. दाखवू नका म्हणाला होतात ना!

ऊन चढलं. मला डुलकी येऊ लागली होती. आणि तुम्ही, मान तसूभरही न वळवता, हलकेच म्हणालात, "आला."

"कोण?"

"श्शू. नदीत. सावलीतून काहीतरी सुटलं."

मी बघितलं. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. माझे डोळे धडधाकट, गळ्यात दुर्बीण, आणि तरीही काही नाही. मग हरणांनी एकदम माना वर केल्या, सगळ्यांनी एकाच दिशेला. आणि तिकडे, झाडाच्या सावलीच्या कडेला, वाळूच्याच रंगाचं काहीतरी खाली वाकून पुढे सरकत होतं. आणखी सरकलं. आणि मग ते पळालं.

ते पळणं मी कसं सांगू? तुम्ही पुढे कितीतरी गणपतींत, कितीतरी दिवाळ्यांत सांगितलंत, दर वर्षी चित्ता हातभर लांब होत गेला, तरी मला वाटायचं, कमीच सांगताहेत. कोरडी नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याने उभी चिरली. हरीण वळलं, तो वळला, शेपूट एका बाजूला फेकून. धुळीचा लोट उठला आणि हरीण त्यातून निसटून टेकाडावर गेलं. चित्ता थांबला. धापा टाकत, हळूहळू चालत, आपल्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर येऊन बसला.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही अजूनही टेकाडाकडेच बघत होतात आणि तुमच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "बघितला," तुम्ही म्हणालात. "वृंदा, अख्खा बघितला. पहिल्या उडीपासून. तुझ्या आधी बघितला की नाही?"

"माझ्या आधी बघितला, ताई."

"आमच्या बाबांना सांगायला पाहिजे होतं," म्हणालात. आणि मग, थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या आवाजात, "पळतोय तोवर दिसला. बसला तसा डागात गेला. आता तू सांग. तोंड कसं आहे त्याचं?"

दाखवू नका म्हणणाऱ्या माझ्या नणंदेने मला ते विचारलं. मी सांगितलं. डोकं अंगाच्या मानाने लहान. कान गोल. डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओठापर्यंत दोन काळ्या रेघा, काजळ ओघळल्यासारख्या. तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलतंय. शिकार गेली, पण तोंडावर खंत नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. त्या गाडीत मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी एवढा वेळ, एवढं हळू, भांडणाशिवाय बोलले.

भांडण लगेच परतीच्या वाटेवर सुरू झालं म्हणा! हरीण डावीकडे वळलं असं तुम्ही म्हणालात. ते उजवीकडे वळलं. मी बघितलंय. तुम्ही म्हणायचात, "तू तर आधी डुलक्या काढत होतीस." मी म्हणायचे, "वळलं तेव्हा जागी होते." अविने कितीदा तडजोड काढायचा प्रयत्न केला, की समजा सरळ गेलं. आपण दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडायचो. हा वाद तुम्ही अर्धवट टाकून गेलात. माझ्या बाजूने सांगते, ते उजवीकडेच वळलं. तुम्ही नाही म्हणून मी माघार घेणार नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

अविला त्या दिवशी एक बूट मिळाला होता, तोही चावून चोथा झालेला. पण तुम्ही गाडीतून एका मोज्यावर उतरलात, दोन्ही हात वर करून, आणि तो सगळं विसरला. एवढा मोठा माणूस, तुम्हाला मिठी मारून वाळूत गोल गोल नाचला. ईरा ओरडत होती, "आत्या सॉ इट फर्स्ट! आत्या सॉ इट फर्स्ट!"

ऑकलंडच्या विमानतळावर तुम्ही तो उरलेला उजवा बूट टेबलावर ठेवलात, तोही आठवतो. बाहेरची माती देशात येऊ नये म्हणून बूट तपासणाऱ्या मुलाने तो उलटापालटा केला, तळव्यातली तांबडी माती बघितली. "व्हेअर्स द अदर वन?"

"अ जॅकल हॅज इट," तुम्ही ताठ मानेने म्हणालात.

त्याने तुमच्याकडे बघितलं, बुटाकडे बघितलं, आत नेऊन तो एकटा बूट मनापासून धुतला आणि पिशवीत घालून परत दिला. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे एकदम झकास. फेकून का देत नाही म्हणून अविने विचारलं तर म्हणालात, "पदक कुणी फेकतं का?" त्या दिवसापासून तो तुमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. आणि 'चपला आत घ्या, कोल्हा येईल' हे आपल्या घरातलं वाक्य झालं ते तेव्हापासून.

पुढे डाग वाढला. पण तुम्ही त्यालाही पुरून उरलात. नजर अधू झालेल्यांच्या त्या मंडळात जाऊन प्रत्येकाला सांगत सुटलात, सरळ बघू नका, बाजूला बघा, शांत बसा, जे हलेल ते तुमचं. ईराच्या कानाकडे बघून तिचं हसू ओळखायचात. हॉस्पिटलात मी शेवटची भेटले तेव्हा तुम्हाला धाप लागत होती, एकेक शब्द सुटा येत होता. तरी माझ्या कानाच्या बाजूला बघत म्हणालात, "केस कापलेस. बरे दिसतात." अविला तोवर दिसलं नव्हतं. मी हो म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले.

तेव्हा म्हणायचं ते राहिलं. आपल्यात कुणी नणंदेला थॅंक्यू म्हणत नाही, मलाही जमलं नाही. वाळूत गाडी चालवायला लावलीत. गप्प बसायला लावलंत. आणि त्या चित्त्याचं तोंड मला विचारलंत, दुसऱ्या कुणाला नाही. हे सगळं मला पुरून उरेल, ताई.

आता तुम्ही जिथे गेला आहात तिथे काय आहे, मला माहीत नाही. रविवारी आलेल्यांतले बरेचजण खात्रीने सांगत होते, असं असतं, तसं असतं. तिकडेही कुणीतरी बोट दाखवत येईल, ते बघा, ते तिथे. ऐकू नका. गाडी कडेला लावा, इंजिन बंद करा, नजर जरा बाजूला ठेवा. तुम्हालाच आधी दिसेल.

फक्त पोचल्या पोचल्या चपला तेवढ्या आत घ्या.

तुमची,
वृंदा